चाळीस खड्डे, दोन शेतं

गांडुळं मोजायला चाळीस खड्डे खणून झाले होते. वीस आमच्या केळीत, वीस काकांच्या. वही घेऊन मार्गदर्शक सरांकडे गेले तेव्हा त्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. विचारलं, “शेतं किती?”

“दोन.”

“मग तुझे नमुने दोनच. चाळीस नाहीत.”

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मी विषय घेतला होता रावेर तालुक्यातल्या केळीबागांमधली गांडुळं. शेणखत घातलेल्या बागेत ती जास्त असतात का, एवढाच प्रश्न. आमच्या शेणखताच्या बागेत काकांच्या दुप्पट निघाली होती आणि मी खुशीत होते. पण काकांची माती जास्त चिकण, आणि आदल्या वर्षी तिथे कापूस होता. फरक शेणखताचा की मातीचा, हे त्या चाळीस खड्ड्यांतून कळणं शक्यच नव्हतं. एकाच माणसाला वीस वेळा थर्मामीटर लावलं म्हणून वीस रोगी होत नाहीत. या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ च्या लेखात नाव दिलं, स्यूडोरेप्लिकेशन. तो लेख वाचायला मला आठ दिवस लागले. संशोधन पद्धतीच्या पेपरात या शब्दाची व्याख्या पाठ करून मी मार्क मिळवले होते. कळला मात्र तो तेव्हा.

पावसाळा सरत आला होता. माती सुकली की गांडुळं खोल जातात, मग वर्ष वाया. दहा शेतं ठरवली, पाच शेणखताची, पाच नुसत्या रासायनिक खताची. सगळ्या बागा मृगबागाच्याच, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या घेतल्या; पावसाळा सरल्यावर लावतात त्या कांदेबागाची एकही नाही, म्हणजे केळीचं वय सारखं राहील. प्रत्येक शेतात सहा खड्डे. कुठे खणायचं तेही आता हात ठरवणार नव्हता. पहिल्या वेळी मी नकळत ठिबकच्या नळीजवळ खणत होते, कारण तिथली माती ओली आणि फावडं सहज जातं. गांडुळंही तिथेच जमतात. या खेपेला ओळीचा आणि झाडाचा क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढला. अप्पा बांधावरून बघत म्हणाले, “आजून कितीक खड्डे खंदशीन, बाई?”

पंचवीस सेंटिमीटरची लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची, तीस सेंटिमीटर खोल मातीचा ठोकळा काढायचा, ताडपत्रीवर पसरून बोटांनी ढेकळं फोडायची. फावड्याने तुटलेल्या गांडुळांचे फक्त डोक्याकडचे तुकडे मोजायचे, नाहीतर एकाची दोन होतात. आलेला आकडा सोळाने गुणला की चौरस मीटरचा हिशोब. अंगाभोवती फुगीर पट्टा दिसला तर प्रौढ. तो नसेल तर जात ओळखण्याचा मोह टाळून ‘अपक्व’ एवढंच लिहायचं. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं, कारण रकाना रिकामा ठेवताना हात थांबतो.

लिहायला बसले तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात माझं एकच वाक्य होतं: ‘शेतातून नमुने गोळा करण्यात आले.’ सरांनी त्यावर रेघ मारली आणि रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हा घुबडाच्या जातीचा छोटा पक्षी आपल्या खानदेशातला. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. होता तो एकच, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी असलेला. ती चिठ्ठी खोटी निघाली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाने ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भरून त्याला स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या पक्षी अभ्यासकांनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी शहाद्याजवळ सापडला. एकशे तेरा वर्षांनी. घरी येऊन मी ते एक वाक्य फोडून दीड पान लिहिलं: तारीख, वेळ, ठिबकपासूनचं अंतर, चौकट, खोली, शेवटचं शेणखत कधी पडलं ते. माझ्यामागून कुणी आलं तर त्याला तसाच खड्डा खणता यायला हवा.

प्रस्तावनेत वेगळीच अडचण आली. मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो, त्या साम्य तपासणीत सत्तावीस टक्के आले. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत चालतं. मी चोरी केली असं मला वाटत नव्हतं. लेख समोर उघडा ठेवून शब्द बदलत गेले होते, आणि तीच चोरी असते हे मान्य करायला वेळ लागला. मग लेख वाचून मिटायचा, काय कळलं ते वहीत मराठीत लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मराठीवरून इंग्रजी करायचं, अशी सवय लावली. जे मराठीत लिहिता येत नव्हतं, ते मला कळलेलंच नव्हतं.

निकाल? शेणखताच्या बागांत सरासरी जास्त होती, पण दुप्पट नव्हती. पाचास पाच शेतांची मान-व्हिटनी चाचणी केली, दोन गटांतला फरक तपासणारी. पी ०.०५ च्या वर गेलं, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. फरक सिद्ध होत नाही, असं मी निष्कर्षात लिहिलं.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे शेतं कमी पडली?”

“हो.”

“सावद्याच्या मामाले इचारू का? त्याच्याकडे शेणखत असतं.”