ट्रॉली अर्ध्या वाटेत थांबते तेव्हा

औषधांची ट्रॉली घेऊन पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत सलग जाता आलं, असं माझ्या नोकरीत फार क्वचित झालं असेल. चौथ्या बेडपाशी पोचते तोच फोन वाजतो. लॅबमधून पोटॅशियमचा रिपोर्ट तोंडी सांगतात, तो लिहून घ्यायचा, त्यांना परत वाचून दाखवायचा. मागे वळते तर नऊ नंबरचे नातेवाईक उभे असतात, "सिस्टर, सलाईन संपत आलंय." ते बंद करून येईपर्यंत मावशी सांगतात की थिएटरमधून पेशंट घ्यायला बोलावलंय. एवढ्यात राऊंडला आलेले सर विचारतात, सात नंबरचं कालचं युरिन आउटपुट किती? आणि या सगळ्यात मी भरायला घेतलेलं इंजेक्शन ट्रेजवळ तसंच राहिलेलं असतं.

नर्सच्या कामात सगळ्यात अवघड काय, असं लोक विचारतात. रक्त, जखमा, नाइट ड्युटी, यांपैकी काहीतरी मी सांगेन असं त्यांना वाटतं. रक्ताची सवय पहिल्या वर्षातच होते. नाइटची कधीच होत नाही, पण तिच्याशी जमवून घेता येतं. कंबर दुखते, पाय सुजतात, पाणी प्यायचं आणि बाथरूमला जायचं राहून जातं, पाळीच्या दिवसांत तर फारच हाल होतात. हे सगळं खरं आहे. तरीही मला आजही सगळ्यात जास्त थकवतं ते एका गोष्टीवर लक्ष टिकू न देणं. आमचं निम्मं काम हाताचं आहे, उरलेलं निम्मं लक्ष ठेवण्याचं. हाताचं काम सगळ्यांना दिसतं. लक्ष ठेवणं दिसत नाही, म्हणून ते मोडायला कुणालाच काही वाटत नाही.

इन्सुलिनचंच घ्या. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली व्हायल येते आणि १०० युनिटचीही येते. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. १०० ची व्हायल चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढली, तर अंगात दहा नाही, २५ युनिट जातात. टोपण काढून ठेवलं की दोन्ही सिरिंजा जवळपास सारख्याच दिसतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी मागून हाक मारतं.

म्हणून मी क्रम ठरवून घेतलाय. पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून घ्यायचं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, कारण घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. मग मनगटावरची पट्टी, केसपेपरवरची ऑर्डर, आत्ताची शुगर, व्हायलवरचा आकडा, टोपणाचा रंग. सिरिंज डोळ्यांच्या पातळीत धरून रेघ बघायची. मग दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं. इथे नव्या मुलींना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: "आठ युनिट आहे ना गं?" असं विचारलं आणि तिने मान हलवली, तर ते तपासणं झालं नाही. आपण गप्प राहून सिरिंज, व्हायल आणि केसपेपर तिच्यापुढे धरायचं, आणि आकडा तिच्या तोंडून यायला हवा. मध्येच जावं लागलं, तर लेबल न लावलेली भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून जायचं नाही. टाकून द्यायची, परत आल्यावर नव्याने भरायची. औषध वाया गेलं म्हणून मी आजवर कुणाला बोललेले नाही आणि बोलणारही नाही.

असं सगळं नीट केलं तर एका इन्सुलिनला पाच मिनिटं लागतात. वॉर्डात इन्सुलिनवर असलेले पेशंट किती, अँटिबायोटिकवरचे किती, आणि राऊंडला मिळणारा वेळ किती, हा हिशेब कोणत्याही सिस्टरला तोंडपाठ असतो. तो कधी जुळत नाही.

२०१० साली सिडनीमधल्या दोन रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं देणाऱ्या परिचारिकांच्या जवळ उभं राहून संशोधकांनी नोंदी केल्या होत्या. निम्म्याहून जास्त वेळा औषध देताना त्यांना कुणीतरी मध्येच थांबवलं होतं, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या. मला तो वाचून आश्चर्य वाटलं नाही, बरं वाटलं. जे आपण रोज अंगावर काढतो ते कुणीतरी मोजलं होतं.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी औषधं देणाऱ्या सिस्टरला रंगीत जॅकेट घालायला देतात, त्यावर 'व्यत्यय आणू नका' असं लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. ज्याला दम लागलाय, ज्याच्या छातीत दुखतंय, त्याने माझ्या पाठीवरची पाटी वाचून गप्प बसावं की काय? पेशंटने हाक मारली तर तो व्यत्यय नाही, तेच माझं काम आहे. व्यत्यय म्हणजे ज्या फोनला वॉर्डातलं दुसरं कुणीही उत्तर देऊ शकलं असतं तो फोन. व्यत्यय म्हणजे केसपेपरमध्ये पहिल्याच पानावर असलेला आकडा माझ्या तोंडून ऐकायची सवय. पेशंटची हाक आणि असा व्यत्यय, यांतला फरक कुणी करत नाही आणि सगळा भार शेवटी सिस्टरच्या स्मरणशक्तीवर येऊन पडतो.

लक्ष तुटलं की काय निसटतं, हे बघायचं असेल तर चार्टवरचा श्वासाचा रकाना बघावा. नाडी, बीपी, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, हे मशीन दाखवतं. तापाला थर्मामीटर आहे. साध्या वॉर्डात श्वास मात्र माणसानेच मोजायचा असतो, आणि तोही पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा आरामात असताना मिनिटाला १२ ते २० असतो. आता कुठल्याही गर्दीच्या वॉर्डाचा चार्ट उघडा, खालपर्यंत २०, २०, २०, २० अशी रांग दिसेल. मुली आळशी नसतात, त्यांना ते एक मिनिट मिळालेलं नसतं. आणि तब्येत बिघडायला लागली की बहुतेक वेळा श्वासच आधी वाढतो. सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसत राहतं, कारण पेशंट जास्त श्वास घेऊन ते टिकवत असतो.

माझ्या लक्षात राहिलेली एक नाइट आहे. अकरा नंबरवर एक आजी होत्या, पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. पहाटे साडेतीनची वेळ. तीन ते पाचमध्ये अंगाचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, डोकं जड होतं, अक्षरं पुसट दिसतात. आजींची मुलगी खुर्चीत झोपली होती. मी मनगट हातात धरलं. नाडी झाल्यावरही हात सोडायचा नाही, ही माझी जुनी सवय. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी बघतोय असंच भासवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मी मिनिटभर मोजलं. अठ्ठावीस. संध्याकाळी इव्हनिंगच्या सिस्टरने अठरा लिहिले होते, आणि तिचे अठरा खरे असतात हे मला माहीत होतं. हात गार लागत होता. सॅच्युरेशन ९५. "आजी, ही कोण बसलीय?" विचारलं तर त्या मुलीकडे बघत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत.

अशा वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवणं नव्या सिस्टरला सगळ्यात जड जातं. "एवढ्यासाठी फोन केलात?" हे एकदा ऐकलं की पुढच्या वेळी हात फोनकडे जात नाही. यासाठी सांगायची एक पद्धत ठरलेली आहे, तिला एसबीएआर म्हणतात. मूळची ती अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरची, तिथून रुग्णालयांत आली. आधी आत्ता काय झालंय, मग आधीचं काय, मग आपल्याला काय वाटतं, मग आपल्याला काय हवंय. हा शेवटचा भाग आमच्या मुली गाळतात. डॉक्टरांना आपण कसं सांगायचं, असं त्यांना वाटतं.

मी सांगितलं, "सर, सर्जिकल वॉर्डमधून बोलतेय. अकरा नंबरच्या आजींचा श्वास २८ झालाय, नाडी ११८, बीपी १०० बाय ६०, आणि मुलीला ओळखत नाहीयेत. ऑपरेशनचा दुसरा दिवस. संध्याकाळी श्वास १८ होता, बीपी १३० बाय ८०. मला इन्फेक्शन पसरल्यासारखं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवंय."

ते आले. कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायला, रक्त काढलं, सलाईनचा वेग वाढवला, अँटिबायोटिक बदलून पहिला डोस तिथेच दिला. उजाडायच्या आत आजी आयसीयूत गेल्या. काही दिवसांनी आमच्याकडे परत आल्या आणि वॉकर धरून घरी गेल्या.

हे सांगताना माझी हुशारी सांगायची नाहीये. त्या रात्री वॉर्डात आम्ही तिघी होतो. एकीची गैरहजेरी असती आणि दोघींनी वॉर्ड ओढला असता, तर अकरा नंबरपाशी मला मिनिट मिळालं असतं का, याचं उत्तर मला ठाऊक आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास आला होता. एका परिचारिकेकडे एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. कॅलिफोर्नियाने तर एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती पेशंट असावेत, याचा कायदाच केला आणि तो २००४ पासून लागू आहे. ड्युटी लिस्ट करताना "आज जरा ॲडजस्ट करा" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा ७ चा आकडा समोर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

नातेवाईकांबद्दलही लिहायला हवं, कारण आमच्यावर सगळ्यात जास्त आवाज तेच चढवतात. कधी अंगावरही धावून येतात. ते कुणीही सहन करू नये आणि अशा वेळी सिक्युरिटीला बोलवायला लाजूही नये. पण रोजची जी चिडचिड असते ती बहुतेक भीतीतून आलेली असते. दर दहा मिनिटांनी येऊन "डॉक्टर कधी येणार?" विचारणारा माणूस मला त्रास द्यायला येत नाही. त्याला "थांबा जरा" म्हटलं की तो पाच मिनिटांनी परत येतो. "ट्रॉली संपवून साडेनऊला मी तुमच्याकडे येते" असं म्हटलं आणि साडेनऊला खरंच गेलं, तर तो नंतर शांत बसतो. जाता येणार नसेल तर वेळ सांगायचीच नाही.

आणि एक गोष्ट आहे जिच्याबद्दल आम्ही आपसातही कमी बोलतो. एखादा पेशंट जातो. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटायचे, घरच्यांना जवळ बसू द्यायचं. मग कागद. मावशी बेड पुसून घेतात, नवी चादर पडते, आणि तासाभरात त्याच बेडवर नवा माणूस येतो. त्याला आधीचं काही माहीत नसतं, नसावंच. तो विचारतो, "सिस्टर, पंखा लावता का?" आणि मी लावते. मी तरुण असताना हे मला निर्दयपणाचं वाटायचं. आता वाटत नाही, पण अशा दिवशी ज्या मुलीने शेवटचं सगळं केलं असेल तिला ती नवी ॲडमिशन मी देत नाही. तिला अर्धा तास स्टोअरचं मोजायला पाठवते. तिथे दार लावून रडता येतं. हे कुठल्याही नियमात नाही, पण प्रत्येक इनचार्जने एवढं करावं.

सध्या मी दोन गोष्टींच्या मागे लागलेय. सकाळी आमच्याकडे फोनला क्लार्क असतो, संध्याकाळी कुणीच नसतं. आणि संध्याकाळची भेटीची वेळ नेमकी औषधांच्या राऊंडवर येते, म्हणजे ट्रॉली निघते तेव्हाच वॉर्डात दुप्पट माणसं असतात. मी मेट्रन मॅडमना लेखी दिलं की राऊंडच्या तासाला फोनपाशी एक माणूस द्या. त्याने निरोप आणि नंबर लिहून घ्यावा, लॅबने धोक्याचा रिपोर्ट कळवला तरच मला हाक मारावी. आणि भेटीची वेळ तासभर पुढे न्या. पुढच्या ड्युटी लिस्टपासून फोनसाठी एक मामा मिळणार आहेत. भेटीच्या वेळेचं "बघू" म्हणालेत, म्हणून ते पत्र मी या आठवड्यात पुन्हा दिलंय. यावेळी तिन्ही शिफ्टच्या सिस्टरनी त्यावर सह्या केल्यात.