आमची वाटचाल : २०४८ बाइट आणि काकांचं तळं

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ दहा बाय बाराचा गाळा, पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि एक भागीदार. तो कोड लिहायचा, मी कोळंबीच्या तळ्यात उतरायचो. ते आयर्न अजून आहे. त्याची मूठ दोनदा बदलली, भागीदार एकदा.

आमचं यंत्र तळ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं. पहिल्या यंत्रात अर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड होता. त्याच्या एटीमेगा ३२८पी चिपला रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, २०४८ बाइट. गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओलेड पडदा लावला. त्याच्या एका चित्राला १०२४ बाइट लागतात, म्हणजे अर्धं घर पाहुण्यालाच. उरलेल्या जागेत स्ट्रिंगला (अक्षरांच्या माळेला) स्ट्रिंग जोडून वाक्यं करायची आणि लॅपटॉपकडे धाडायची. टेबलावर दोन दिवस चाललं, तेवढ्यावर खाडीकाठी काकांच्या कोळंबीच्या तळ्यावर नेऊन बसवलं. धंद्यातल्यांना पुढचं कळलंच असेल.

अकराव्या रात्री यंत्र गोठलं. मेमरीच्या चिंध्या झाल्या होत्या, हीप आणि स्टॅक हे तिचे दोन भाग एकमेकांत घुसले होते. तेही चाललं असतं, पण लॅपटॉपवरचा आलेख शेवटचाच आकडा, ५.२, ओढत राहिला. अंधार पडला की शेवाळ ऑक्सिजन द्यायचं थांबतं आणि उलट खायला लागतं, त्यामुळे पातळी पहाटेपर्यंत उतरतच जाते. रात्री सपाट रेघ दिसली तेव्हाच शंका यायला हवी होती. आम्हालाच आली नाही, तर काकांना कुठून येणार? सकाळी तळ्याच्या कडेने मेलेली कोळंबी लागली होती. काका एवढंच म्हणाले, "रेघ सरळ होती रे, म्हणून झोपलो."

त्याच पावसाळ्यात घाटावरची एक कंपनी रंगीत डायल घेऊन उतरली. आमचं नाव त्यांनी ठेवलं 'कोळंबी मारणारी पेटी'. आठ गिऱ्हाइकं गेली, भागीदारही गेला. त्यांची डायल इंटरनेटवर चालायची. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वीज गेली, टॉवर गेले. आमच्या पेट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर आणि आरएस-४८५ च्या (लांबवर आकडे नेणाऱ्या) वायरीवर चालूच होत्या. हे त्यांच्या माहितीपत्रकात कोणी छापलं नाही.

सुधारणा तशी साधीच होती. ओलेडचा बफर, म्हणजे चित्रासाठी अडवलेली मेमरी, काढला, नुसती अक्षरं ठेवली. स्ट्रिंग हद्दपार. ५.२० च्या जागी ५२० हा दोन बाइटचा पूर्णांक, सोबत अनुक्रमांक आणि चेकसम, म्हणजे आकडा वाटेत बिघडला का ते सांगणारी बेरीज. चित्र काढायचं काम लॅपटॉपचं, चिपचं नव्हे. आठ सेकंदांचा वॉचडॉग, म्हणजे चिप गोठली तर ती पुन्हा सुरू करणारा पहारेकरी. आणि तीन नोंदी चुकल्या की रेघ तुटलीच पाहिजे, तिथे कोरी जागा दिसलीच पाहिजे. नवीन पोरांना सांगतो, डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरने अचानक ८५ अंश दाखवले तर पाणी उकळत नाहीये, त्याने अजून मोजलेलंच नाही. आणि कनेक्टरला लेप द्या. इथल्या खाऱ्या हवेत तांबं बघता बघता हिरवं होतं.

काकांनी नुकसानभरपाई मागितली नाही. दुसऱ्या तळ्यालाही पेटी लावायला लावली, वर म्हणाले, "पण ह्या वेळी मी झोपणार नाही." पुढची वर्षं बरी गेली.

परवा पहाटे साडेतीनला त्यांचा फोन आला. "तुटली रे." टॉर्च घेऊन गेलो. एरेटर, पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, त्यांनी आधीच सुरू केला होता. वायर उंदराने कुरतडली होती.