खांदेमळणी

पोळ्याच्या दिवशीची झूल, बाशिंगे आणि रंगवलेली शिंगे सगळेच पाहतात. मला मात्र आठवते ती त्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी. मराठवाड्यातल्या आमच्या घरी लाल कंधारी बैलांची एक जोडी होती. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी आजोबा त्यांना ओढ्यावर धुऊन आणत, दावणीला बांधत आणि हळद कालवलेले लोणी तळहातावर घेऊन, मानेवर जिथे जू टेकते त्या जागी, सावकाश चोळत. मग पळसाच्या पानाने खांदा शेकून बैलाच्या कानाशी म्हणत, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’

लहानपणी मला हा निव्वळ लाड वाटे. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, पेरणी होते, मग पिकाच्या ओळींमधले तण काढणाऱ्या कोळपणीच्या पाळ्या सुरू होतात आणि या दोन-अडीच महिन्यांत जू खांद्यावरून फारसे उतरतच नाही. त्यातच पावसाने भिजून मऊ पडलेल्या कातडीवर ओले लाकूड घासत राहते, त्यामुळे खांदा सुजतो, कधी सोलवटतो. जोडीतले बैल उंचीने सारखे नसले, तर भारही सारखा वाटला जात नाही. कोळपणी उरकते आणि पोळा येतो, हा मेळ मला पुष्कळ उशिरा उमगला.

चोळता चोळता आजोबांचा हात मध्येच थांबे. बोटांना ऊब जाणवली, की आत सूज आहे असे समजून ते तो बैल सूज उतरेपर्यंत जुंपत नसत, मग शेजारी काहीही म्हणोत.

बाकीच्या ऋतूंची काळजी इतकी समारंभाची नव्हती. पावसाळ्यात माशा-डासांसाठी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, थंडीत पाठीवर गोणपाट, चैत्रात ऊन चढण्याआधी सोडलेला नांगर आणि पाऊस येईपर्यंत पुरवून घातलेला कडबा. खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारण्यासाठी बैल आडवा पाडत, तेव्हा मी घरात पळून जात असे. त्याविषयी मला फारसे सांगता येणार नाही.

आता आमच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि जू माळ्यावर पडून आहे. गेल्या पोळ्याला गावी होतो, म्हणून शेजारच्या काकांकडे खांदेमळणीला गेलो. लोणी घेऊन हात पुढे केला, तोच त्यांनी मनगट धरले आणि आधी बोटातली अंगठी काढायला लावली.