महर आधी, वाटण्या मागून

कोंढव्यातल्या एका विधवेचं वाटणीचं प्रकरण. नवरा चालतं दुकान ठेवून गेला, सासू-सासरे हयात नाहीत, पदरात दोन मुली. दिरांनी आणलेला हिशेब शरियतप्रमाणे बरोबर होता: बायकोला अष्टमांश, मुलींना मिळून दोन तृतीयांश, उरलेले चोविसातले पाच भाग भावांचे. महरचा, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेल्या रकमेचा, मात्र त्यात उल्लेखच नव्हता.

"तो वहिनीनं माफ केलाय," थोरला दीर म्हणाला. "जनाजा उठायच्या आधी, सगळ्यांसमोर."

"बायका म्हणाल्या, माफ कर म्हण, नाहीतर नवऱ्याच्या मानेवर ओझं राहील. मी म्हटलं, मॅडम," ती म्हणाली.

ही प्रथा मी बऱ्याच घरांतून ऐकली आहे आणि दर वेळी संताप येतो. अशा शोकात वदवून घेतलेली माफी कायद्यापुढे टिकत नाही. शिवाय जबरदस्ती वा फसवणूक न करता ताब्यात आलेली नवऱ्याची मालमत्ता महर फिटेपर्यंत विधवा सोडत नसेल, तर तो तिचा अधिकार आहे. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलनं १९१६ मध्येच तो मानला. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसात मी हे सगळं सांगितलं. थोरला ढिम्म.

मग त्यांचे मामू बोलले. म्हातारा माणूस, जन्मभर मदरशात शिकवलेलं.

"नमाज चुकली, रोजा राहिला, तो हक्कुल्लाह, अल्लाहचा हक्क. तौबा कर, अल्लाह माफ करेल. पण हे हक्कुल इबाद आहे, बंद्याचा हक्क. ज्याचा आहे त्यानं खुशीनं सोडला तरच सुटतो. शहिदाचंसुद्धा सगळं माफ होतं, कर्ज सोडून. महर कर्जच आहे. सूरह निसा काढ, हिश्श्यांसोबत काय लिहिलंय? वसीयत आणि कर्ज फेडल्यावर."

किसासमध्येही, म्हणजे जिवाबद्दल जीव घेण्याच्या शिक्षेतही, खुन्याला माफ करायचं का, हे मृताच्या वारसांनी ठरवायचं, काझीनं नाही, हे मी वाचलं होतं. पण त्या विचाराची धार मला मामूंच्या बोलण्यातून जाणवली. माणसाचा हक्क तिथं इतका त्याचा स्वतःचा आहे की त्याच्या वतीनं दुसरं कुणी उदार होऊ शकत नाही.

धाकट्यानं हिशेबाचा कागद पुढे ओढला आणि सगळ्यात वर महरची रक्कम लिहिली. दुकान भावांनी घ्यायचं, आधी महर चुकता करायचा, मग तिचे आणि मुलींचे हिस्से. तोवर किल्ल्या तिच्याकडे. थोरल्यानं मुदत मागितली, माझ्याकडे बघून. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तिनं तीन महिने दिले.