साहेबांना खरंच कळत नाही का?

क्वालिटीत नोकरी केलेला माणूस दिसला की तरुण इंजिनियर चहा संपायच्या आत विचारतात, ‘सर, खाली काय बिघडलंय ते वरच्या लोकांना खरंच कळत नाही, की कळून न कळल्यासारखं करतात?’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरं उत्तर हवं असतं. ते दिलं की साहेब लबाड ठरतात, आपण शहाणे ठरतो, आणि विषय तिथेच मिटतो.

माझं उत्तर पहिलंच आहे. बहुतेकांना खरंच कळत नाही. फक्त हे न कळणं आपोआप घडत नाही, त्यासाठी बरीच माणसं रोज, अगदी प्रामाणिकपणे खपत असतात.

भोसरी-चाकणकडच्या सुट्या भागांच्या कारखान्यात हे कसं चालतं ते बघा. प्रेसवरचा ऑपरेटर म्हणतो, ‘डाय गेलाय, बर फार येतोय.’ म्हणजे पत्रा कापणारा साचा झिजलाय आणि भागाच्या कडेला धारदार कंगोरे राहतायत. सुपरवायझर शिफ्टच्या वहीत लिहितो, ‘बर वाढला आहे, लक्ष ठेवणे.’ सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणतो, ‘किरकोळ आहे, मेंटेनन्सला कळवलंय.’ महिन्याच्या आढाव्यात तीच गोष्ट स्लाइडवर हिरव्या चौकोनात येते: ‘नियंत्रणात’. यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. प्रत्येकानं वरच्याला टोचू नये म्हणून थोडं टोक बोथट केलं, एवढंच. मग प्लांट हेड कस्टमरच्या ऑडिटरला छातीठोकपणे सांगतो, की आमच्याकडे काही अडचण नाही. लबाड माणसाला निदान खरं काय ते लक्षात ठेवावं लागतं, कारण त्याला ते लपवायचं असतं. इथे लक्षात ठेवणारा कुणी उरतच नाही.

हे फक्त आपल्याकडचं, ढिसाळ कारभाराचं लक्षण आहे असं वाटत असेल तर नासाकडे बघा. चॅलेंजर यान 28 जानेवारी 1986 रोजी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी कोसळलं आणि सात जण गेले. कारण होतं बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी सील, ओ-रिंग. ही गोष्ट साधारण सगळ्यांना माहीत असते. मला त्यातला सांगण्यासारखा भाग वाटतो तो अपघाताच्या आधीच्या वर्षांतला.

ती रिंग गरम वायूनं झिजावी असं डिझाइनमध्ये कुठेही नव्हतं. 1981 साली दुसऱ्याच उड्डाणात ती झिजलेली सापडली. यान मात्र सुखरूप परतलं होतं. पुढेही झिजत राहिली, यानं परतत राहिली, आणि हळूहळू झीज हा ‘मान्य धोका’ झाला. जानेवारी 1985 च्या एका उड्डाणात झीज रिंगच्या त्रिज्येच्या एक तृतीयांश होती. प्रयोगात ती पूर्ण त्रिज्येइतकी कापल्यावरच निकामी झाली होती. म्हणून व्यवस्थापनानं हिशेब मांडला, की सेफ्टी फॅक्टर, म्हणजे सुरक्षिततेची पट, तीन! जी झीज शून्य असायला हवी होती, तिलाच भागाकारात बसवून सुरक्षिततेचा पुरावा बनवलं. चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांनीच नोंदवलं आहे, की यान गमावण्याची शक्यता प्रत्यक्ष काम करणारे इंजिनियर शंभरात एकच्या आसपास सांगत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. एकाच संस्थेतले लोक, एकाच यानाबद्दल! लाखात एक म्हणणारे खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांच्यापर्यंत पोचलेले कागद तसंच सांगत होते.

चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनियर टेलिफोनवरच्या बैठकीत म्हणाले, उडवू नका. थंडीत रबर कडक होतं. रात्री पारा शून्याखाली जाणार होता, आणि त्यांच्याकडे सर्वांत थंड उड्डाणाचा अनुभव 12 अंश सेल्सियसचा होता. नासाच्या बाजूनं चिडचिड झाली. कंपनीनं पाच मिनिटं मागितली, ती लांबून अर्धा तास झाली. त्या अर्ध्या तासात वरिष्ठ व्यवस्थापकानं इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, की इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. इंजिनियरांना बाजूला ठेवून चार व्यवस्थापकांनी निर्णय फिरवला.

टोपीचं वाक्य सगळे सांगतात. मला त्याहून भयंकर वाटते ती प्रश्नाची उलटापालट. एरवी नासा विचारायची, सुरक्षित आहे हे सिद्ध करा. त्या रात्री इंजिनियरांना सिद्ध करायचं होतं, की सुरक्षित नाही. रॉजर बोइजोली या इंजिनियरनं नंतर साक्षीत सांगितलं, की त्याला आपली काळजी आकड्यात मांडायला सांगितली आणि ते त्याला जमत नव्हतं. लक्षण चांगलं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

आता इंजिनियर मंडळींना न आवडणारी गोष्ट. त्या रात्रीच्या चर्चेत भर होता तो रिंगला इजा झालेल्या उड्डाणांवर. त्यातलं एक उबदार हवेतलं होतं, त्यामुळे तापमानाचा संबंध धूसर दिसला. इजा न झालेली उड्डाणं त्यांच्या शेजारी मांडली असती तर चित्र लख्ख झालं असतं. साधारण 19 अंशांच्या वरच्या वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत त्रास दिसला होता, त्याखालच्या प्रत्येक उड्डाणात दिसला होता. माहिती घरातच होती.

म्हणून ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणणाऱ्या तरुणाला मी विचारतो, नक्की काय सांगितलंस? मेल उघडली की चौथ्या परिच्छेदात ‘कृपया लक्ष असावं’ सापडतं. ही सुद्धा स्वतःची फसवणूकच, फक्त खालच्या मजल्यावरची. साहेब दुखावू नये इतपत सांगायचं आणि आपलं कर्तव्य झालं असं मानायचं. बोइजोलीनं 31 जुलै 1985 रोजी लिहिलेल्या मेमोत सरळ लिहिलं होतं, की सांधा निकामी झाला तर माणसं मरतील. सहा महिने आधी! त्यानं काही थांबलं नाही हे खरं, पण वाचणाऱ्याला समजलं नाही असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नव्हती.

साहेब लोकांच्या वागण्यातली एकच गोष्ट बदलता आली असती तर मी एक वाक्य बंद केलं असतं: ‘प्रॉब्लेम नको, सोल्युशन घेऊन या.’ मोठ्या ट्रेनिंगमधून शिकून येतात आणि भिंतीवरही लावतात. ऐकायला कर्तबगार वाटतं. पण गंभीर अडचण पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्यावर उपाय नसतो, आकडाही नसतो. म्हणजे नेमकी तीच दाराबाहेर राहते, आत येतात त्या आधीच सुटलेल्या अडचणी. असा साहेब रोज यशोगाथा ऐकतो आणि आपली टीम फार मोकळेपणानं बोलते असं त्याला मनापासून वाटतं.

नासाचंच पुढे काय झालं? कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या डाव्या पंखाला 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणाच्या वेळीच इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा लागला. फोम पूर्वीही अनेकदा पडला होता, यानं परतली होती. इंजिनियरांनी पंखाची छायाचित्रं मागितली, ती घेतली गेली नाहीत. चौकशी अहवालात पुन्हा तेच नोंदवलं आहे: धोका आहे हे सिद्ध करायची जबाबदारी इंजिनियरांवर येऊन पडली होती. 1 फेब्रुवारीला यान परतीच्या वाटेवर तुटलं. मधल्या सतरा वर्षांत आयोग झाला, सुधारणा झाल्या, भाषणं झाली.

त्यामुळे ‘आत्मपरीक्षण करा’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. ज्या मनानं फसवलं तेच मन परीक्षक म्हणून बसवायचं! कारखान्यात उपयोगी पडतं ते साधं काम. काय दिसलं की थांबायचं, ते लाइन सुरू व्हायच्या आधी लिहून सही करून ठेवायचं. ती मर्यादा बदलायचा अधिकार, ज्याचा डिस्पॅच अडकलाय त्याच्याकडे द्यायचा नाही. आणि डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या मापात तात्पुरती सूट, दिलंच तर ते कधी संपणार याची तारीख त्यावर घालायची. बिनतारखेचं डेव्हिएशन वर्षभरात नवं स्पेक, म्हणजे नवं ठरलेलं माप, होतं, आणि जुनं कुणाला आठवत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पण सर, ईएमआय आहे, सही नाही केली तर?’ किंमत मोजावी लागते, नाही म्हणणार नाही. बोइजोली साक्ष देऊन आल्यावर कंपनीत एकटा पडला आणि बाहेर पडला. ॲलन मॅकडोनाल्ड हा त्याच कंपनीचा अधिकारी उड्डाणाच्या ठिकाणी, केप कॅनव्हेरलला होता, त्यानं त्या रात्री मंजुरीच्या कागदावर सही करायला नकार दिला. ती वरिष्ठानं कंपनीच्या ठिकाणाहून, यूटाहून केली. पुढे मॅकडोनाल्डला बाजूला सारलं गेलं, अमेरिकन संसदेत त्यावरून ओरड झाली, तेव्हा परत आणलं. नवा सांधा डिझाइन करायचं काम कंपनीला शेवटी त्याच्याच हाती द्यावं लागलं.