दरड

शनिवार, 26 एप्रिल 2025
धडगाव, रात्री साडेनऊ

अक्षर वाकडं येतंय, कारण उजव्या तळव्यातली कळ अजून गेलेली नाही. दिवसभर स्टिअरिंग असं धरलं होतं की जणू ते कुणी पळवून नेणार होतं.

आज चांदसैलीचा घाट मी चालवला. ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पण धडगावला यायचं तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच, नंतर पाहुणे येणार, असं ठरलेलं. मग काय, 46 व्या वर्षी लायसन्स काढलेली बाई, जिने आजवर भाजी मार्केट आणि बहिणीचं घर यापलीकडे गाडी नेली नव्हती, ती निघाली सातपुड्यात.

आधी 'दरड' म्हणजे काय ते लिहायला हवं. आमच्याकडे तो घरगुती वाक्प्रचार आहे. दूधवाला उशिरा आला, दरड पडली असेल. पोराने गृहपाठ केला नाही, कुठे दरड पडली होती रे? हे सगळं सुरू झालं 1998 साली. ह्यांची पहिली नेमणूक धडगावला झाली. लग्नाला वर्षही नव्हतं झालं, मला दिवस गेलेले, म्हणून मी धुळ्यात सासूबाईंजवळ. पत्रावर मी 'ता. अक्राणी, जि. धुळे' लिहायची. तालुका अक्राणी आणि कचेऱ्या सगळ्या धडगावला, याची तेव्हा मला गंमत वाटायची. 1 जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आधी पत्ता घालून ठेवलेली चार पाकिटं होती, त्यांवरचं 'धुळे' खोडून वर 'नंदुरबार' लिहिलं. निदान एका जिल्ह्यात तरी राहत होतो, तेही गेलं.

ऑगस्टमध्ये मुलगा झाला. निरोप गेला त्याच दिवशी. हे आले पाचव्या दिवशी, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. "घाटात दरड पडली होती." सासूबाईंनी लगेच मान डोलावली. मी काही बोलले नाही, पण पटलंही नाही. चार दिवस? चार दिवसांत माणूस रांगत येईल. पुढे ते चेष्टेत गेलं, आणि चेष्टेत गेलं की सुटलं असं सगळ्यांना वाटतं.

सकाळी साडेपाचला निघालो. दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापी ओलांडली, शहादा. तिथवर रस्ता सरळ, दोन्हीकडे केळी आणि पपई. पपईच्या झाडांना उन्हापासून वाचवायला जुन्या साड्या गुंडाळलेल्या. हिरवी, जांभळी, एक तर चक्क जरीकाठाची. नऊ वाजताच काचेला हात लावला की चटका बसत होता. तळोद्याला चहा घेतला, आणि कोठारच्या पुढे डोंगर अंगावर आला.

पहिली तीन-चार वळणं बरी गेली. हे डावीकडे बसून प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबत होते. तिथे पायपुसणं आहे फक्त. सत्तावीस वर्षं त्या सीटवर बसून "हळू हो, समोर ट्रक आहे" असं मी म्हणत आले, आज मला कळलं की ते ऐकणाऱ्याला कसं लागतं. मीही मनात ठरवून टाकलं, आपण उत्तर द्यायचं नाही. तेही नाही का द्यायचे!

मग एका उभ्या वळणावर वरून माणसांनी लादलेली जीप आली. टपावर पोरं, मागे लोंबकळणारे वेगळेच. नियमाने चढणाऱ्याला आधी वाट, पण जीपवाल्याने तो नियम शाळेत असताना ऐकला असावा. मी थांबले. पुन्हा निघताना क्लच सोडला आणि गाडी बंद. आणि मागे सरकली. हातभर असेल, पण मागे कठड्याचा एक तुकडा पडलेला, त्याच्या खाली नुसती सागाची टोकं. हँडब्रेक ओढला. क्लच जळल्याचा वास. हे काही न बोलता उतरले, एक धोंडा उचलून मागच्या चाकाला लावला आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "घाई नाही." एवढंच. खालून मोटरसायकलवर तिघं आले, त्यांतला मधला म्हणाला, "ताई, पहिला टाका, ॲक्सिलेटर द्या, मग हँडब्रेक सोडा." तसं केलं. निघाली. हे मागून चालत आले, धोंडा रस्त्याच्या कडेला नीट ठेवून. दुसऱ्या कुणाच्या चाकाखाली यायला नको म्हणून.

वर एका रुंद जागी गाडी लावून पाणी प्यायलो. समोरची डोंगराची बाजू सोललेली होती. लाल-पिवळी माती, मध्ये पाट्यावरवंट्यापासून म्हशीएवढ्या आकारापर्यंतचे दगड, एक झाड मुळं वर करून लटकलेलं. आज एप्रिल, सगळं कोरडं, तरी चिमणीएवढे खडे आपसूक घरंगळत होते. टक् टक् असा आवाज. मी बराच वेळ तिकडे बघत बसले. "हीच का?" म्हटलं. "ही नव्हे. ती पुढे होती. दरवर्षी वेगळीकडे पडते."

2021 च्या सप्टेंबरात पेपरात बातमी आली होती. याच घाटात दरड कोसळून रस्ता बंद, गाडी नाही, म्हणून चांदसैलीचा एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालत निघाला. ती पोचली नाही. त्या दिवशी हे पेपर घडी घालून बाहेर गेले. मी त्यानंतर तो शब्द चेष्टेत वापरलेला नाही. पोरगा अजून वापरतो, त्याला कुणी सांगितलंच नाही.

ह्यांनी हात करून अस्तंबा दाखवला. 1325 मीटर. दिवाळीत तळोद्याहून माणसं चालत जातात तिथे, अश्वत्थाम्याच्या दर्शनाला. तो म्हणे अजून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. माझी जखम तेवढी जुनी नाही, सत्तावीसच वर्षांची.

घाट संपल्यावर डोंगर मोकळा होतो, कौलारू घरांचे पाडे लांब लांब विखुरलेले. आणि जिथे तिथे आमचूर! कैऱ्या सोलून, काप करून खडकावर, छपरावर, प्लॅस्टिकच्या कागदावर वाळत टाकलेल्या. दुरून वाटलं कुणी कागदाचे कपटे उधळलेत. एका घरासमोर म्हातारी, सून आणि दोन मुली सोलत बसल्या होत्या, सालींचा ढीग गुडघ्याएवढा. बोटं काळी पडलेली, चिकाने. मी एक काप तोंडात टाकला तर डोळे मिटले गेले, तशी धाकटी खदाखदा हसली. ह्यांना पावरीतली, इथल्या आदिवासी बोलीतली, दोन वाक्यं आठवली, ती त्यांनी म्हणून दाखवली. म्हातारीने उत्तर दिलं ते लांबलचक, हे नुसतेच मान हलवत राहिले. दोन किलो घेतलं. व्यापारी इथून पोत्यांनी उचलतात, त्यात आमचं दोन किलो म्हणजे हसण्यावारीच.

धडगाव माझ्या डोक्यात पत्रांमुळे एक झोपाळलेलं गाव होतं. प्रत्यक्षात शनिवारची गर्दी, मोबाइलची दुकानं, तहसील. उत्तरेला उतरत गेलं की नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश. ह्यांची खोली होती त्या गल्लीत आम्ही तीनदा फिरलो. तिथे आता स्लॅबची दोन घरं आहेत आणि कुठलं आपलं, यावर ह्यांचं स्वतःशीच एकमत होईना.

घरमालक वारले. त्यांच्या मुलाकडे उतरलोय. उडदाची डाळ, भाकरी, कैरीचा ठेचा. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, 98 च्या पावसात रस्ता किती दिवस बंद होता हो? तो तेव्हा दहा वर्षांचा. म्हणाला, "कोणत्या? दर पावसाळ्यात बंदच पडतो तो." ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. मीही पुढे विचारलं नाही.

आठ वाजता पोराचा फोन आला. "पोचलात? का दरड पडली?" मी म्हटलं, "पोचलो." मग फोन ह्यांच्याकडे दिला.

उद्या उतरायचंय. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गाडी दुसऱ्या गिअरवर सोडायची, गरज पडली तर पहिल्या, असं त्यांनी तीनदा सांगून झालंय. चौथ्यांदा सांगता सांगता झोप लागली. डोळ्यात थेंब घालायचे राहिलेत. उठवते.