उणे ५६.६

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात त्या दुपारी एमएस्सीच्या ट्युटोरियलला हेलियमची १एस-२एस अवस्था सोडवायला दिली होती: एक इलेक्ट्रॉन सर्वांत आतल्या १एस ऑर्बिटलमध्ये, दुसरा त्याबाहेरच्या २एसमध्ये. केंद्रकाचा भार २, ऑर्बिटल हायड्रोजनसारखी. इलेक्ट्रॉनांचं आपसातलं प्रतिकर्षण सोडलं तर ऊर्जा उणे ६८.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यात कुलोम इंटिग्रल, म्हणजे दोन भारढगांचं साधं प्रतिकर्षण, ११.४ मिळवायचं, मग एक्स्चेंज इंटिग्रल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीतून येणारं पद, १.२ एकदा वजा करायचं, एकदा मिळवायचं. ट्रिप्लेट (एकूण स्पिन १) उणे ५७.८, सिंग्लेट (एकूण स्पिन ०) उणे ५५.४.

एका मुलाच्या वहीत एकच उत्तर होतं: उणे ५६.६. बरोब्बर मधोमध.

"मॅडम, इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की फंक्शनचं चिन्ह बदलतंय, दोनदा तपासलं."

खरंच बदलत होतं. १एस-अल्फा आणि २एस-बीटा (अल्फा, बीटा म्हणजे स्पिनच्या दोन दिशा) घेऊन त्याने स्लेटर डिटर्मिनंट, म्हणजे अदलाबदलीत चिन्ह आपोआप बदलणारी मांडणी, लिहिला होता, बाहेर १/√२. बहुतेकांचं चुकतं ते अदलाबदलीत: जागेचे क्रमांक बदलतात, स्पिनचे तसेच राहून जातात. याचं तेही बरोबर होतं, म्हणूनच मी थबकले.

गोम पुढे होती. १एस-बीटा, २एस-अल्फा हा डिटर्मिनंटही तितकाच अँटिसिमेट्रिक (अदलाबदलीत चिन्ह बदलणारा), आणि प्रतिकर्षण या दोघांना एकमेकांत गुंतवतं. त्याने एकच धरला. त्यात स्पिन विरुद्ध, म्हणून एक्स्चेंजचं पद शून्य झालं. त्याला फळ्यावर बोलावून दोन्हींची चार पदं लिहायला लावली. बेरीज करून कंस जुळवले, तसा जागेचा भाग अँटिसिमेट्रिक निघाला आणि स्पिनचा सिमेट्रिक: ट्रिप्लेट. वजाबाकीत नेमकं उलट, सिंग्लेट. त्याचा डिटर्मिनंट म्हणजे या दोघांचं निम्मं-निम्मं मिश्रण, म्हणून ऊर्जा सरासरी. प्रत्यक्षात तळपातळीपासून १९.८ वर ट्रिप्लेट आहे, २०.६ वर सिंग्लेट. मधे एकही पातळी नाही.

वह्यांमधला "एक्स्चेंज फोर्स" हा शब्द मी दिसेल तिथे खोडते. वेगळं बल कुठलंच नाही. प्रतिकर्षण तेच, फक्त ते अँटिसिमेट्रिक फंक्शनवर मोजलेलं.

मागच्या बाकावरून रास्त प्रश्न आला: प्रत्यक्षात फरक ०.८, मग आपला २.४ कसा? २एसलाही भार २ धरणं इथे भोवतं. आतला १एस इलेक्ट्रॉन केंद्रकाला झाकतो, बाहेरच्याला जेमतेम १ च्या आसपास भार जाणवतो, २एस ऐसपैस पसरतं. १एसच्या छोट्याशा जागेत त्याचा वाटा उरतो थोडा, आणि एक्स्चेंज इंटिग्रल त्या वाट्यावरच ठरतं.